चहाच्या डब्याचे कुलूप

‘टी कॅडी’ हा शब्द इंग्रजी कादंबरीत आला की मराठी अनुवादक ‘चहाचा डबा’ असे लिहून पुढच्या वाक्याला लागतो. मीही तेच करते, कारण मराठीत दुसरा शब्द नाही. अडचण पुढच्या वाक्यात येते. घरधनीण किल्ल्यांचा जुडगा काढते, डब्याचे कुलूप उघडते, मोजून दोन चमचे चहा किटलीत टाकते आणि पुन्हा कुलूप लावते. मराठी वाचक इथे थबकतो. चहाच्या डब्याला कुलूप कशाला? बाई कंजूष आहे, की लेखकाला तिच्या स्वभावाविषयी काही सुचवायचे आहे? मूळ वाचकाला यातले काहीच वाटलेले नसते. अठराव्या शतकातल्या इंग्लंडात चहाला कुलूप असणे हे दागिन्यांना कुलूप असण्याइतकेच साधे होते.

‘कॅडी’ हा शब्द इंग्रजी वाटत असला तरी इंग्रजी नाही. मलाय भाषेतले ‘काटी’ हे वजन त्याच्या मुळाशी आहे. काटी म्हणजे साधारण ६०० ग्रॅम. शंभर काटींचा एक पिकुल. चीन आणि आग्नेय आशियातल्या बंदरांत सगळा व्यापार या दोन मापांत चाले. इंग्रज व्यापाऱ्यांनी काटीचे ‘कॅटी’ केले आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस चहा ठेवायच्या पेटीलाच ‘कॅडी’ म्हणू लागले. त्याआधी तिला ‘टी चेस्ट’ म्हणत. मापाचेच नाव भांड्याला मिळावे यात आपल्याला नवल वाटू नये. शेर, पायली, मापटे, चिपटे ही आपल्याकडेही एकाच वेळी मापे होती आणि भांडीही. पिकुल मात्र वाचकाने लक्षात ठेवावा, तो पुढे वेगळ्याच मालाच्या सोबतीने परत येणार आहे.

या पेट्या जमवणारे लोक जगभर आहेत. त्यांच्याकडच्या चांगल्या नमुन्यात काय पाहतात, हे सांगितले की वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते. लाकडाची, हातभर लांबीपेक्षा लहान पेटी. आत दोन कप्पे, एक हिरव्या चहासाठी, एक काळ्यासाठी. कधी मध्ये काचेचा वाडगा, दोन चहांचे मिश्रण करायला किंवा साखरेसाठी. कप्प्यांना आतून शिशाच्या पातळ पत्र्याचे अस्तर, म्हणजे वास उडत नाही आणि ओल लागत नाही. समोर कुलपाचे भोक, त्याभोवती हस्तिदंताची किंवा पितळेची चकती. किल्ली बहुधा हरवलेली. महोगनी, सॅटिनवूड, कासवाच्या पाठीचे पातळ पापुद्रे, गुंडाळून चिकटवलेल्या कागदाची नक्षी, चांदी, काहीही. सगळ्यांत लाडक्या म्हणजे पेअर किंवा सफरचंदाच्या आकाराच्या, त्याच फळझाडाच्या लाकडातून कातलेल्या पेट्या. त्यांच्या नकलाही म्हणूनच सगळ्यांत जास्त. नवा माणूस पहिल्यांदा फसतो तो बहुधा फळाच्याच पेटीत. जाणता माणूस आधी अस्तर पाहतो. शिशाचा पत्रा गेला असेल आणि त्या जागी मखमल असेल, तर ती शिवणकामाची पेटी असण्याचा संभव असतो.

कुलपाचे कारण म्हणजे भाव. चहा चीनहून येई, ईस्ट इंडिया कंपनीची त्यावर मक्तेदारी होती, आणि त्यावरचा कर एका टप्प्यावर ११९ टक्क्यांपर्यंत गेला होता. मालाच्या किमतीपेक्षा कर जास्त. साहजिकच चोरटा चहा किनाऱ्या-किनाऱ्याने उतरू लागला. १७८४ मध्ये धाकट्या पिटच्या सरकारने कायदा करून तो कर साडेबारा टक्क्यांवर आणला. चोरटा व्यापार बसला, कायदेशीर चहाची आयात वाढली, आणि गंमत अशी की चहा स्वस्त होऊ लागला त्याच दशकांत कुलूपबंद पेट्यांचा बहर आला. वस्तू दुर्मिळ असताना ती थोड्यांकडे असते. ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात येते आणि तरीही महाग राहते, तेव्हा प्रत्येक घराला तिची पेटी लागते. आपल्याकडे फ्रिज आला तेव्हा त्यालाही कुलूप-किल्ली होती हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे फार समजावून सांगायला नको.

चमचाही याच काळातला. त्याआधी चांदीच्या डब्यांच्या टोपणानेच चहा मोजत. पेट्यांना रुंद झाकणे आली तसे टोपण गेले आणि आखूड दांड्याचा, पेटीत मावेल असा वेगळा चमचा आला. १७७० नंतर तो दिसू लागतो, आणि पुढची ऐंशी वर्षे बर्मिंगहॅमचे चांदीकाम करणारे त्याचे शेकडो आकार काढत राहिले: पान, फावडे, घोडेस्वाराची टोपी, गरुडाचा पंख, माणसाचा हात. सर्वांत जुना आणि टिकलेला आकार शिंपल्याचा. चीनचे व्यापारी चहाच्या खोक्यात वरच्या थरावर खरा शिंपला ठेवत, गिऱ्हाइकाला नमुना काढून दाखवायला, आणि चांदीचा शिंपला त्यावरूनच आला, असे जमवणारे सांगतात.

असा शिंपला मी पहाडगंजात पाहिला. मी राहते चूना मंडीच्या बाजूला. मेन बाजारात हॉटेलांच्या पाट्यांखाली चांदीच्या दुकानांची रांग आहे. परदेशी प्रवाशांसाठी मांडलेल्या अंगठ्या, पैंजण, तिबेटी वाटाव्यात अशा माळा. एका दुकानात मोडीच्या चांदीचा ट्रे असतो, तुटकी पैंजणे, वाकलेली अत्तरदाणी असा माल. त्यात तो पडला होता. दुकानदाराच्या लेखी तो ‘मसाले का चम्मच’. त्याने तराजूत टाकला, अकरा ग्रॅम भरला, आणि त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने किंमत सांगितली. दांड्याच्या मागे भिंगाने वाचावे लागतील असे शिक्के होते. चालणारा सिंह म्हणजे चांदी हजारात ९२५ शुद्ध. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, जिथली परीक्षा-कचेरी १७७३ मध्ये उघडली. राजाचे मस्तक म्हणजे कर भरल्याची खूण, ती १७८४ ते १८९० या काळातच उमटे. एक अक्षर म्हणजे वर्ष, त्यावरून चमचा १८०० नंतरच्या पहिल्या दशकातला ठरत होता. आणि दोन आद्याक्षरे, कारागिराची.

अकरा ग्रॅमच्या चमच्यावर एवढा मजकूर. यातूनच इंग्लंडच्या इतिहासात हेस्टर बेटमनसारखी बाई शिल्लक राहिली. नवरा १७६० मध्ये वारला, बाईला लिहितावाचता येत नव्हते असे म्हणतात, १७६१ मध्ये तिने स्वतःच्या नावाचा शिक्का लंडनच्या सोनार-संघाकडे नोंदवला आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे कारखाना चालवला. तिच्या शिक्क्याचे चांदीचे चहाचे डबे आज संग्रहालयांत आहेत. सहीऐवजी खूण करणाऱ्या विधवेचे नाव अडीचशे वर्षे टिकले, कारण सरकारला कर हवा होता आणि कराला जबाबदार माणूस हवा होता.

आता याच्या शेजारी आपल्याकडची पेटी ठेवून पाहावी. एकोणिसाव्या शतकात ‘बॉम्बे बॉक्स’ नावाचा माल विलायतेत फार खपे. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात तो मांडला होता. लेखनपेट्या, शिवणपेट्या, कार्ड ठेवायच्या डब्या, आणि चहाच्या पेट्याही. आत चंदनाचे लाकूड, वर सडेली काम. हस्तिदंत, काळे लाकूड, हिरवे रंगवलेले हाड, कथलाची तार यांच्या बारीक कांड्या एकत्र बांधून चिकटवायच्या, मग त्या जुडीचे आडवे पातळ काप काढायचे. प्रत्येक कापावर चांदणीसारखी तीच नक्षी. ते काप शेजारी शेजारी बसवत पेटी मढवायची. जॉर्ज बर्डवुडने १८८० मधल्या आपल्या हिंदी कलाकौशल्यावरच्या पुस्तकात या कामाची वाट शिराजहून सिंधमार्गे मुंबई आणि सुरतेपर्यंत दाखवली आहे. मुंबईत ते करणाऱ्यांत पारशी कारागीर पुष्कळ होते. पलीकडच्या किनाऱ्यावर, विशाखापट्टणला, हस्तिदंताच्या पत्र्यावर नक्षी कोरून त्यात काळी लाख भरलेल्या चहाच्या पेट्या त्याआधीपासूनच कंपनीच्या साहेबांसाठी बनत होत्या.

या पेट्यांवर शिक्का नाही. लिलावाच्या पुस्तकांत त्यांच्याखाली गाव येते आणि शतकाचा अंदाज येतो, माणूस येत नाही. जमवणारे याला ‘कारागीर अज्ञात’ म्हणून मोकळे होतात. मला हा शब्दप्रयोग थोडा लबाड वाटतो. मुंबईच्या ज्या गल्लीत तो माणूस काम करी तिथे तो अज्ञात नव्हता. त्याच्या चंदनावर आणि मजुरीवर विलायतेतल्यासारखा शिक्क्याचा कर नव्हता, म्हणून त्याचे नाव कुणाला लागले नाही, एवढेच. शिक्का काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे एकदा लक्षात आले की मग त्या बर्मिंगहॅमच्या चमच्याकडेही वेगळ्या नजरेने पाहता येते. चांदी कुणी घडवली ते त्यावर लिहिले आहे. चमच्यात जो चहा येई त्याचे पैसे कुठून आले, हे लिहिलेले नाही. आणि तिथे आपला संबंध येतो.

चीनला इंग्लंडचे लोकरी कापड नको होते. चहाच्या बदल्यात त्याला चांदीच हवी असे. ही चांदी इंग्लंडातून सतत नेणे परवडत नव्हते, म्हणून हिंदुस्थानातून आधी कापूस आणि मग मोठ्या प्रमाणावर अफू कँटनला जाऊ लागली. चीनमध्ये अफूवर बंदी होती, त्यामुळे कंपनी स्वतः ती नेत नसे. ती लिलावात खासगी व्यापाऱ्यांना विकी. ते चीनच्या किनाऱ्यावर चोरून विकत, मिळालेली चांदी कँटनमधल्या कंपनीच्या खजिन्यात भरत आणि लंडन-कलकत्त्यावर हुंड्या घेत. त्या चांदीतून कंपनी चहा घेई. कागदोपत्री कंपनीचा हात स्वच्छ. हा हिशेब शाळेच्या पुस्तकात असतो, पण तिथे अफू बहुधा बिहार-बनारसची असते, कंपनीच्या मक्त्यातली. दुसरी अफू माळव्याची होती.

माळवा म्हणजे उज्जैन, इंदूर, मंदसोर, रतलाम. म्हणजे शिंदे आणि होळकर. १७८४ च्या हिवाळ्यात, लंडनमध्ये चहावरचा कर उतरून काही महिनेच झाले होते, तेव्हा शाहआलम बादशहाने पेशव्यांना वकील-इ-मुत्लक हे पद दिले आणि त्यांच्या वतीने कारभार महादजी शिंद्यांच्या हाती आला. पुढे १८०३ पर्यंत, गुलाम कादिरच्या १७८८ मधल्या थैमानाचा अपवाद सोडला तर, दिल्ली कमीअधिक शिंद्यांच्या छायेत होती. आज मी राहते तो पहाडगंज तेव्हा शहराच्या तटाबाहेरची धान्याची पेठ होता. (१८०३ ची लढाई झाली ते पटपडगंज यमुनेपलीकडचे. पाहुण्यांना हे दर वेळी सांगावे लागते.) मराठी इतिहासलेखनाने या दिल्लीवर भरपूर लिहिले आहे, पत्रे छापली आहेत, फौजा मोजल्या आहेत. दिल्लीतल्या त्या फौजा ज्यांच्या मुलखाच्या जोरावर उभ्या होत्या, त्या मुलखातले शेतकरी कोणते नगदी पीक घेत होते, सावकार कशावर पैसे लावत होते, याकडे मात्र आपले लक्ष कमी गेले. अमर फारुकी यांचे माळव्याच्या अफूवरचे इंग्रजी पुस्तक १९९८ मध्ये आले. मराठीत त्या तोडीचे काही माझ्या वाचनात नाही.

माळव्याची अफू कंपनीच्या मक्त्याबाहेर होती, आणि तीच कंपनीची डोकेदुखी झाली. उज्जैन-इंदुरातले सावकार माल उचलत, तो बैलांवर आणि उंटांवर लादून गुजरातेतून उतरे, मुंबई बंद असेल तर पोर्तुगीजांच्या दमणला जाई, तिथेही अडवले तर वाळवंटातून कराचीला. १८१८ नंतर कंपनीने आधी स्वतःच माळव्यात अफू विकत घेऊन पाहिली, मग संस्थानांशी करार करून पीक आणि वाहतूक रोखून पाहिली. होळकरांसह अनेकांनी करार केले. शिंदे सरकार त्यात आले नाही, आणि शिंद्यांचा मुलूख मोकळा राहिल्यावर बाकीच्या करारांना अर्थ उरला नाही. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीने तो नाद सोडला आणि मुंबईवरून जाणाऱ्या माळव्याच्या अफूवर पेटीमागे परवान्याचे शुल्क घ्यायला सुरुवात केली. हा शिंद्यांचा स्वाभिमान होता असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. अफूवरचा महसूल आणि सावकारांचे कर्ज या दोन्हींनी दरबाराचे हात बांधलेले होते, आणि पलीकडच्या टोकाला ती अफू ओढणारा माणूस या हिशेबात कुठेच नव्हता.

माळव्याच्या अफूची पेटी भरायची ती साधारण एका पिकुलाची, म्हणजे शंभर काटींची. कँटनच्या किनाऱ्यावर अफू त्याच मापाने उतरे ज्या मापाने चहा चढे. लंडनच्या दिवाणखान्यातल्या पेटीला जे नाव मिळाले, ते या दोन्ही मालांचे सामाईक माप होते.

मुंबईच्या बाजूला या व्यापारातले सर्वांत ठळक नाव जमशेटजी जीजीभॉय. तरुणपणी ते स्वतः चीनला अनेकदा गेले. १८०५ च्या सफरीत त्यांचे जहाज फ्रेंचांनी पकडले, त्या जहाजावरचा डॉक्टर विल्यम जार्डिन. पुढे जार्डिन मॅथेसन या पेढीशी जमशेटजींचा अफू-कापसाचा मोठा व्यवहार झाला. १८४२ मध्ये ते ‘सर’ झाले, १८५७ मध्ये बॅरोनेट. जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कलाशाळा त्यांच्या देणग्यांतून उभ्या राहिल्या. कलाशाळेतून बाहेर पडलेल्या चित्रकारांशिवाय मराठी चित्रकलेचा इतिहास लिहिता येत नाही. तेव्हा अफूचा पैसा ‘त्यांचा’ आणि चहाचा डबा ‘त्यांचा’ अशी वाटणी आपल्याला करता येणार नाही. चिनी अधिकारी लिन झशू याने १८३९ च्या उन्हाळ्यात वीस हजारांवर पेट्या अफू नष्ट केली, त्यात माळव्याच्याही पेट्या होत्या. त्यातून युद्ध पेटले. त्याच वर्षी जानेवारीत लंडनला आसामच्या चहाचा पहिला लिलाव झाला होता. आठ पेट्या.

त्या आठ पेट्यांनी शेवटी कुलूप काढले. आसाम, मग दार्जिलिंग, निलगिरी, सिलोन. १८८० च्या दशकाच्या अखेरीस विलायतेत हिंदुस्थान-सिलोनचा चहा चीनच्या चहापेक्षा जास्त उतरू लागला होता. मळ्यांवरच्या मजुरांना नाममात्र मजुरीवर करारांनी बांधून ठेवल्याने चहा इतका स्वस्त झाला की कुलूप लावणे हास्यास्पद ठरले. दुकानातून बंद पुडा आणायचा आणि स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या डब्यात ओतायचा. कुलपाची पेटी दिवाणखान्यातून माळ्यावर गेली, आणि माळ्यावरून एक-दोन पिढ्यांनी जमवणाऱ्यांच्या कपाटात. आपल्याकडच्या साहेबांच्या बंगल्यात मात्र किल्ली आणखी काही वर्षे टिकली. फ्लोरा स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांच्या १८८८ च्या गृहिणी-मार्गदर्शकात मेमसाहेबाने रोज सकाळी कोठी उघडून खानसाम्याला जिन्नस मोजून द्यावेत असा उपदेश आहे. भाव उतरला तरी कुलूप राहिले. आता ते चहासाठी नव्हते, खानसाम्यासाठी होते.

मराठी घरात चहा पोहोचला तो कुलूप गेल्यानंतर. म्हणून शब्द नाही. पण तो विनाअडथळा आला असेही नाही. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. रानडे, टिळक यांच्यासारखी मंडळी हजर होती. कोणी घोट घेतला, कोणी शिष्टाचारापुरता कप हाती घेऊन बाजूला ठेवला. बोलावणे घडवून आणणारे गोपाळराव जोशी, आनंदीबाईंचे यजमान. हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली आणि शहर पेटले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्ते सांगितली गेली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे दाखवले, रानड्यांनी १८९२ मध्ये घेतले. या प्रायश्चित्ताने रमाबाई रानड्यांना किती क्लेश झाले ते त्यांच्या आठवणींत आहे. इंग्रज घराने चहाभोवती लोखंडी कुलूप घातले होते. पुण्यातले कुलूप जातीचे होते, आणि ते पेयाला नव्हतेच, पेय कोणाच्या हातून आले त्याला होते. ‘ग्रामण्य’ या शब्दाचा इंग्रजी अनुवाद करताना मला नेमकी उलटी अडचण येते. ‘कॅडी’सारखाच तोही पलीकडे पोहोचत नाही.

पुढचे काम बाजाराने केले. १९०३ च्या कायद्याने चहाच्या निर्यातीवर उपकर बसला, तो चहाच्याच जाहिरातीसाठी. एका पैशाचे पाकीट, रेल्वे स्टेशनांवर फुकट कप, गिरण्यांच्या दारात टपऱ्या. आपल्या घरी चहा आला तेव्हा तो मानाचा नव्हता. मानाची जागा आधीच भरलेली होती. पाहुण्याला पान द्यायचे. पानाला तबक, पानदान, प्रवासात कापडाची चंची, चुन्यासाठी चुनाळे, सुपारीसाठी अडकित्ता. कुंकवाला करंडा, वेणीफणीला फणेरपेटी, मसाल्याला मिसळणाचा डबा, दुधातुपाला जाळीचे कपाट. यातल्या प्रत्येकाला स्वतःचे नाव आहे. चहाला मिळाला तो नुसता ‘डबा’, बहुधा दुसऱ्या कशाचा तरी रिकामा झालेला. दिल्लीत राजधानी आल्यावर सरकारी कचेऱ्यांतून आणि रेल्वेतून नोकरीला आलेली मराठी कुटुंबे जिथे जमली त्यात आमचे पहाडगंजही आहे. नूतन मराठी शाळा इथेच, बृहन्महाराष्ट्र भवनही इथेच. त्या घरांतल्या वयस्कर बायकांना मी कुलपाचे विचारले आहे. चहाला कुलूप कुणालाच आठवत नाही. साखरेला आठवते. युद्धातल्या रेशनपासून पुढे बरीच वर्षे साखर कडीकुलपात असे, आणि किल्ली सासूकडे. घरात ‘चहा’ आणि दाराबाहेर ‘चाय’, अशी त्यांची भाषेची वाटणीही सांगण्यासारखी आहे, पण तो वेगळा विषय.

त्यामुळे मराठीत ‘कॅडी’ जमवणारा सापडत नाही. कॅडीच्या जागी काय होते ते जमवणारा सापडतो. दिनकर गंगाधर केळकर, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे, यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावाने, राजाच्या नावाने, संग्रहालय केले आणि पुढे ते महाराष्ट्र शासनाला देऊन टाकले. वीस हजारांच्या आसपास वस्तू. पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरच्या त्या वाड्यात अडकित्त्यांच्या ओळी आहेत, पोपटाच्या, मिथुनाच्या, घोड्याच्या आकाराचे. पाय घासायच्या वज्री आहेत, दिवे आहेत, चुनाळी आहेत. बर्मिंगहॅमच्या चमच्यांची आकारांची हौस आणि इथली हौस सख्ख्या बहिणी वाटतात. फरक एवढाच की इथेही घडवणाऱ्याचे नाव नाही. वापरणाऱ्या हातांची झीज मात्र अडकित्त्याच्या दांड्यावर स्पष्ट दिसते, आणि शिक्क्यापेक्षा मला तीच जास्त वाचाविशी वाटते. इकडे दिल्लीजवळ, मेहरौली-गुडगाव रस्त्यावर आनंदग्रामात संस्कृती प्रतिष्ठानने रोजच्या वापरातल्या वस्तूंचे संग्रहालय उभारले, तेही याच वाटेवरचे.

विलायती पेट्या दिल्लीत अधूनमधून निघतात, जुन्या घरांच्या आवराआवरीतून. त्यांचे पुढे काय होते ते आता कायदा ठरवतो. कासवाच्या पाठीची किंवा हस्तिदंताने मढवलेली पेटी इथे विकता येत नाही. वन्यजीव कायदा आड येतो. ब्रिटनमध्येही हस्तिदंताचा कायदा २०२२ मध्ये अमलात आला आणि थोडे अपवाद सोडता तिथला हा बाजार थंडावला. म्हणजे बॉम्बे बॉक्स दोन्हीकडे अडकला. चांदीच्या चमच्याला ती अडचण नाही, त्याची अडचण वयाची आहे. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांवरच्या कलाकुसरीच्या वस्तूला पुरावस्तू म्हणतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेऊ देत नाही. वस्तू कुठे घडली याची अट त्या व्याख्येत नाही. मेन बाजारातल्या ट्रेमध्ये पडलेला तो शिंपला उद्या बर्मिंगहॅमच्या एखाद्या पर्यटकाने मसाल्याचा चमचा म्हणून उचलला, तर विमानतळावर त्याला सांगावे लागेल की ही भारताची पुरावस्तू आहे, घरी नेता येणार नाही. दुकानदाराला यातले काही ठाऊक नाही. मागच्या आठवड्यात चांदीचा भाव वाढला तेव्हा तो ट्रे वितळवायला द्यावा की काय, असे तो म्हणत होता.